चावी फिरते, इंजिन फिरत नाही : मोटरबोटधारकांच्या प्रश्नांना उत्तरे

या महिन्याच्या पत्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. इंजिन सुरू होईना म्हणून पत्रलेखकांनी आधी बॅटरी बदलली, मग स्टार्टर (इंजिनाला सुरुवातीचे फेरे देणारी विजेची मोटर) बदलला, आणि दोन्ही बदलूनही दोष जागच्या जागी राहिला तेव्हा कुठे पत्र लिहायला घेतले. मल्टिमीटर (व्होल्ट, अँपिअर, रोध मोजणारे उपकरण) लावून पाहिल्याचा उल्लेख एकाच पत्रात आहे आणि त्यातही तो नको त्या वेळी लावलेला आहे. त्याच पत्रापासून सुरुवात करतो.

प्रश्न : माझ्या बोटीवर पेट्रोलचे इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेले) इंजिन आहे. चावी फिरवली की एकदाच ‘टक्’ असा आवाज येतो आणि पुढे काही होत नाही. पाच-सहा वेळा प्रयत्न केल्यावर कधी कधी इंजिन जणू काही झालेच नाही अशा थाटात सुरू होते. बॅटरी दोन महिन्यांपूर्वीच नवी घेतली असून मीटरवर 12.7 व्होल्ट दिसतात. स्टार्टरही नवा बसवला. आता काय बदलावे?

उत्तर : तूर्त काहीही बदलू नका. 12.7 व्होल्ट हा आकडा बॅटरी भरलेली आहे एवढेच सांगतो. शिसे-आम्लाची 12 व्होल्टची बॅटरी काही तास स्वस्थ राहिल्यावर मोजली, तर पूर्ण भरलेली असताना 12.6 ते 12.7, निम्मी उतरलेली असताना 12.2 च्या आसपास आणि जवळजवळ रिकामी असताना 11.9 च्या खाली व्होल्टेज दाखवते. हे सगळे आकडे बॅटरी निवांत असतानाचे झाले. आपला दोष मात्र स्टार्टर प्रवाह ओढू लागतो त्या क्षणी प्रकट होतो, आणि म्हणून मोजमापही त्याच क्षणी, चावी ‘स्टार्ट’वर धरलेली असताना व्हायला हवे.

आपल्यासारख्या इंजिनाचा स्टार्टर 150 ते 200 अँपिअर प्रवाह सहज घेतो. एवढ्या प्रवाहाच्या वाटेत कुठे 0.01 ओहम इतका क्षुल्लक रोध आडवा आला, तरी 200 अँपिअरला 2 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. हा रोध मल्टिमीटरच्या ओहमच्या खुणेवर शोधू पाहणारे हमखास फसतात, कारण तिथे मीटर वायरीतून अगदी नाममात्र प्रवाह सोडतो. केबलचे सगळे धागे सडून एकच शाबूत राहिला असला तरी मीटर ‘वायर अखंड आहे’ असा निर्वाळा देतो. स्टार्टरला मात्र तो एक धागा पुरत नाही.

मोजमापासाठी एक सहकारी चावीपाशी बसवा. त्याआधी इंजिनखोलीचा ब्लोअर (आतली वाफ बाहेर काढणारा पंखा) निदान चार मिनिटे चालवा, झाकण उघडून पेट्रोलचा वास येत नाही ना याची नाकाने खात्री करा आणि इंजिन फिरले तरी पेटू नये म्हणून प्रज्वलन, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा, बंद करा. मग मीटर 20 व्होल्टच्या डीसी खुणेवर ठेवून त्याची दोन्ही टोके बॅटरीच्या शिशाच्या खांबांवरच टेकवा. खांबांना कवटाळणाऱ्या क्लॅम्पवर टेकवू नका, कारण खांब आणि क्लॅम्प यांच्यामधली फट हाच पुष्कळदा गुन्हेगार असतो. सहकाऱ्याने चावी धरली असता हा आकडा 10 च्या वर राहिला तर बॅटरी आपले काम करते आहे. तो कोसळून 7-8 वर आला, तर एक तर बॅटरी आतून दुबळी आहे किंवा स्टार्टर अथवा इंजिन कुठे तरी अडकले आहे. आपल्या बाबतीत माझा अंदाज असा, की आकडा 12.5 च्या आसपास जवळजवळ स्थिर राहील. तो तसा राहिला, तर स्टार्टरपर्यंत प्रवाह पोहोचतच नाही असा त्याचा अर्थ होतो आणि मग वाट तपासणे उरते.

वाट तपासताना मीटरचे लाल टोक बॅटरीच्या धन खांबावर आणि काळे टोक स्टार्टरच्या सोलेनॉइडवर (चावीच्या बारीक प्रवाहाने स्टार्टरचा मोठा प्रवाह जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचवर) जिथे जाड केबल येते त्या बोल्टवर ठेवा. चावी फिरवलेली असताना इथे जे व्होल्टेज दिसेल ते केबलने, तिच्या टोकांनी आणि मधल्या बॅटरी स्विचने मिळून गिळलेले आहे. ते अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवे. 3, 5 किंवा 9 दिसले तर दोष या टप्प्यात आहे, आणि मग काळे टोक एकेक जोड मागे सरकवत आणले की कोणत्या जोडाशी आकडा एकदम उतरतो ते कळते. यानंतर सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांच्या दरम्यान मोजा. चावी फिरवण्यापूर्वी तिथे 12 व्होल्टच दिसतील. ‘टक्’ झाल्यावर ते जवळपास शून्यावर यायला हवेत. ‘टक्’ होऊनही 12 कायम राहिले, तर आतली तांब्याची चकती जळून काळी पडली आहे असे समजावे.

सर्वांत शेवटी, आणि बहुतेक जण हे विसरतात म्हणून मुद्दाम सांगतो, ऋण बाजू मोजा : एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरे स्टार्टरच्या उघड्या धातूच्या अंगावर. स्टार्टरपर्यंत गेलेला प्रवाह इंजिनाच्या ठोकळ्यातून आणि ऋण केबलमधून परत यायचा असतो, आणि ती केबल जिथे ठोकळ्याला नटाने आवळलेली असते ती जागा इंजिनाच्या तळाशी, ओलाव्यात आणि तेलाच्या थरात दडलेली असते. रंगवलेल्या पृष्ठभागावर आवळलेला लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) मी एकाहून अधिक बोटींवर पाहिला आहे.

एक छोटी शंका ‘टक्’ या आवाजाबद्दलच घ्यायला हवी. अनेक पेट्रोल इनबोर्ड इंजिनांवर स्टार्टरच्या अंगावरील सोलेनॉइडखेरीज आणखी एक लहान, मदतनीस सोलेनॉइड असतो. चावीचा बारीक प्रवाह आधी त्याला जागा करतो आणि तो मोठ्या सोलेनॉइडला. आपण ऐकता तो आवाज यांपैकी कोणाचा हे कानाने ठरवता येत नाही. लहान सोलेनॉइडवर बोट टेकवून ठेवा आणि सहकाऱ्याला चावी फिरवायला सांगा. ठोका बोटाला जाणवला आणि मोठा सोलेनॉइड गप्प राहिला, तर आपला नवा स्टार्टर पूर्णपणे निर्दोष असून त्याला कोणी हाकच मारलेली नाही.

मीटर हाताशी नसेल आणि स्टार्टर निदान रडतखडत तरी फिरत असेल, तर हाताचा तळवा हेही साधन आहे. चार-पाच सेकंद स्टार्टर फिरवून लगेच चावी सोडा आणि प्रत्येक जोडाला, बॅटरी स्विचच्या पाठीला हात लावत जा. जो जोड इतरांपेक्षा कोमट लागेल तिथेच वीज उष्णता होऊन वाया जाते आहे.

दोष केबलमध्ये निघाला तर केवळ टोक कापून नवा लग बसवण्याचा मोह टाळावा. लगपासून चार बोटे अंतरावर रबरी आवरणाला एक चीर देऊन आत पाहा. तांबे लालसर चमकत असेल तर ठीक. ते काळेमिट्ट असेल आणि सुरीने खरवडूनही चमक येत नसेल, तर खारे पाणी धाग्यांच्या फटींतून आतवर चढले आहे आणि त्या काळ्या तांब्यावर नवा लग दाबून बसवला तरी त्याची पकड खोटीच राहते. अशी केबल पूर्ण बदलावी, कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या धाग्यांची आणि आधीच्या जाडीहून बारीक नसलेली घ्यावी. जोड आवळताना धातूला धातू स्वच्छ भिडू द्यावा आणि ग्रीसचा लेप आवळून झाल्यावर वरून द्यावा.

प्रश्न : माझ्याकडे एकच ‘टक्’ नव्हे तर चावी धरून ठेवली असता ‘टकटकटक’ असा भराभर आवाज येतो आणि डॅशबोर्डवरचे दिवे त्या तालावर मंद होतात. हाही केबलचाच दोष का?

उत्तर : बहुधा बॅटरी उतरली आहे. सोलेनॉइड ओढला जातो, स्टार्टर प्रवाह मागतो, व्होल्टेज कोसळते, त्यामुळे सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज पुन्हा वर येते आणि हेच चक्र सेकंदात अनेकदा घडते. आधी बॅटरीचे क्लॅम्प काढून खांब आणि क्लॅम्प दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत करा, बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा आणि मग पुन्हा पाहा. भरूनही दुसऱ्या दिवशी तोच प्रकार झाला आणि बॅटरीत पाणी घालण्याची झाकणे असतील, तर हायड्रोमीटरने प्रत्येक कप्प्यातील आम्लाची घनता मोजा. भरलेल्या बॅटरीत ती 1.265 च्या आसपास असते, आणि पाच कप्पे सारखे असून एकच खूप मागे असेल तर त्या बॅटरीला निरोप द्यावा.

प्रश्न : आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लावलेले) इंजिन आहे. चावी फिरवल्यावर कसलाच आवाज येत नाही. बाकी दिवे, पंप, भोंगा सर्व व्यवस्थित चालते. स्टार्टर गेला असे समजायचे का?

उत्तर : स्टार्टरपर्यंत जाण्याची घाई नको. गिअरचा दांडा न्यूट्रलच्या खाचेत नीट बसलेला नसला तर आतला सुरक्षा स्विच स्टार्टरचा बारीक प्रवाह तोडून टाकतो, आणि दांडा जुना झाला की डोळ्याला न्यूट्रल दिसणारी जागा त्या स्विचला मान्य नसते. चावी ‘स्टार्ट’वर धरून दांडा किंचित पुढे-मागे हलवा, मध्येच स्टार्टर फिरला तर दोष स्विचचा किंवा त्याला ओढणाऱ्या केबलच्या जुळणीचा आहे. मनगटाला अडकवायच्या आपत्कालीन दोरीची (चालक पडला तर इंजिन बंद करणाऱ्या) चकतीही जागेवर आहे ना, पाहून घ्या. बहुतेक आउटबोर्डवर ती निघालेली असली तरी स्टार्टर फिरतो आणि फक्त ठिणगी पडत नाही, पण काही इंजिनांत ती स्टार्टरलाही रोखते. मी स्वतः एका दुपारी इंजिनाचे टोपण उतरवून, अर्ध्या वायरी सोडवून बसलो असताना बाजूला उभ्या असलेल्या एका मुलाने ती चकती पायाखालून उचलून हातात दिली होती; तेव्हापासून हत्यारांची पेटी उघडण्यापूर्वी मी आधी या दोन गोष्टींना हात लावतो.

या दोन्ही ठीक असतील, तर सोलेनॉइडला येणारी बारीक वायर शोधा आणि चावी धरलेली असताना त्या वायरीवर व्होल्टेज येते का ते मोजा. येत असूनही सोलेनॉइड मुका राहिला तर दोष त्याच्यात किंवा त्याच्या ऋण जोडात आहे; येत नसेल तर मागे मागे चालत न्यूट्रल स्विच, चावीचा स्विच, इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधले अनेक पिनांचे प्लग आणि इंजिनाजवळचा फ्यूज या क्रमाने पाहा. प्लग वेगळा करून उजेडात धरला तर हिरवट पूड चढलेली पिन शोधावी लागत नाही, ती आपणच दिसते. न्यूट्रल स्विच खराब निघाला म्हणून त्याची दोन टोके कायमची जोडून टाकण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. तो मानू नका. गिअरमध्ये असलेले इंजिन सुरू होताक्षणी बोट झेप घेते आणि उभा असलेला माणूस पाण्यात पडतो, तोही फिरत्या पंख्याजवळ.

प्रश्न : डिझेल इंजिन पेट घेईना म्हणून आठ-दहा वेळा, दर वेळी बराच वेळ, स्टार्टर फिरवत राहिलो. आता स्टार्टर ‘ठप्’ असा आवाज करून जागीच थांबतो. बॅटरी भरलेली आहे. स्टार्टर जळाला असेल का?

उत्तर : कृपया यापुढे एकदाही चावी फिरवू नका. लक्षण विजेच्या दोषाचे दिसत असले तरी मला शंका पाण्याची आहे. ज्या बोटींवर इंजिन थंड करणारे बाहेरचे पाणी धुराच्या नळीत सोडलेले असते, तिथे स्टार्टरने इंजिन फिरवत असतानाही पाण्याचा पंप काम करतच असतो, आणि ते पाणी बाहेर ढकलायला धुराचा जोर मात्र नसतो. धुराच्या वाटेवरचा मफलर भरत जातो आणि शेवटी पाणी धूर सोडणाऱ्या उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये शिरते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येता येता अडतो आणि आपण म्हणता तसा ‘ठप्’ आवाज होतो. याच अवस्थेत जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

आधी समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि मफलरच्या तळाचा बूच काढून पाणी वाहू द्या. नंतर इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून इंजिन हाताने, पान्याने सावकाश फिरवा. भोकांतून पाणी उडाले तर शंका खरी ठरली. तसे झाल्यास इंजिनातले तेल मोजायची दांडीही पाहा. तेल दुधाळ झाले असेल तर ते बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये, आणि खारे पाणी आत गेले असेल तर हे सगळे त्याच दिवशी, जाणकार मेकॅनिकला शेजारी घेऊन करावे, कारण गंज रात्रभर थांबत नाही. पाणी मुळीच निघाले नाही आणि इंजिन हाताने मोकळे फिरले, तर मात्र पहिल्या उत्तरातील मोजमापांकडे वळा.

पुढच्या वेळी स्टार्टर एका दमात 10 सेकंदांहून अधिक फिरवू नका आणि मधे एक-दोन मिनिटे त्याला निवू द्या. तीन-चार प्रयत्नांत इंजिन पेटले नाही तर पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करूनच पुढचे प्रयत्न करा, आणि इंजिन पेटताक्षणी तो उघडा, नाहीतर पंपातले रबरी चक्र कोरडे फिरून फाटेल. व्हॉल्व्ह बंद आहे याची आठवण राहावी म्हणून मी चावीलाच एक चिंधी बांधून ठेवतो.

प्रश्न : लहान डिझेल इंजिन, चावी बरीच दूर, बोटीच्या पुढच्या भागात. कधी पहिल्याच वेळी सुरू होते, कधी दहा वेळा नुसते ‘टिक्’. सर्व जाड केबल नव्या आहेत.

उत्तर : जाड केबल नव्या असल्या तरी सोलेनॉइडला हाक मारणारी बारीक वायर इंजिनापासून चावीपर्यंत जाऊन परत येते, म्हणजे अंतराच्या दुप्पट लांबीची असते, आणि वाटेत दोन-तीन प्लगही असतात. सोलेनॉइडला सुरुवातीच्या क्षणी चांगलाच प्रवाह लागतो आणि तेवढ्यासाठी ती वायर अपुरी पडते. सोलेनॉइडच्या बारीक टोकावर चावी धरलेली असताना मोजा. बॅटरीपेक्षा 2-3 व्होल्ट कमी भरत असतील तर इंजिनाजवळच एक रिले (बारीक प्रवाहाने चालणारा मोठ्या प्रवाहाचा स्विच) बसवून घ्या. चावीची वायर मग फक्त रिलेचे काम करील आणि सोलेनॉइडला लागणारा प्रवाह फ्यूज लावलेल्या छोट्या, जाड वायरीने थेट बॅटरीकडून मिळेल.

प्रश्न : दर आठवड्याला बोटीवर गेलो की बॅटरी उतरलेली असते. इंजिन चालवताना चार्जिंग व्यवस्थित होते असे दिसते.

उत्तर : ‘दिसते’ यावर न थांबता इंजिन मध्यम वेगात असताना बॅटरीच्या खांबांवर मोजा, 13.8 ते 14.4 व्होल्ट यायला हवेत. ते येत असतील तर गळती शोधायची आहे. सर्व बंद करून ऋण केबल सोडवा आणि केबल व खांब यांच्यामध्ये अँपिअर मोजणारा मीटर घाला, मात्र मीटर जोडलेला असताना चावीला हात लावू नका, नाहीतर त्याचा फ्यूज जाईल. अर्धा अँपिअर गळती दिवसाला 12 अँपिअर-तास खाते, म्हणजे आठवड्यात 84. बॅटरी स्विच ‘बंद’वर असूनही गळती असेल, तर तळातले पाणी उपसणारा पंप आणि त्याचा तरंगता स्विच आधी पाहा, तो मुद्दामच थेट बॅटरीवर जोडलेला असतो. पंप वारंवार चालत असेल तर मग प्रश्न बॅटरीचा नाही, बोटीत पाणी कुठून येते याचा आहे. जाता जाता, इंजिन चालू असताना बॅटरी स्विच ‘बंद’वर फिरवण्याची सवय असेल तर ती सोडा, बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचे डायोड त्याने क्षणात जातात.

प्रश्न : एका परिचिताने सोलेनॉइडच्या दोन बोल्टांवर स्क्रू-ड्रायव्हर आडवा ठेवून इंजिन सुरू करून दाखवले. त्यांचेच म्हणणे असे की मोटारगाडीचा स्टार्टर तंतोतंत बसतो आणि स्वस्त पडतो. पेट्रोल इंजिनाच्या बोटीवर हे चालेल का?

उत्तर : दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असे आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. गाडीत ती खाली रस्त्यावर सांडून विरून जाते, पण बोटीच्या तळाला बाहेर पडायला वाट नसल्यामुळे ती तिथेच साचते. स्क्रू-ड्रायव्हरने उडणारी ठिणगी नेमकी त्या वाफेच्या वर उडते, शिवाय या युक्तीने न्यूट्रल स्विच वगळला जातो तो वेगळाच.

गाडीचा स्टार्टर बाहेरून तसाच दिसतो हे खरे आहे. आत फिरताना ब्रशांपाशी त्याच्याही ठिणग्या पडतातच. बोटीसाठी बनवलेल्या स्टार्टरचे, अल्टरनेटरचे आणि डिस्ट्रिब्युटरचे आवरण असे केलेले असते की आतली ठिणगी किंवा आत झालेला छोटा भडका बाहेरच्या वाफेपर्यंत पोहोचू नये. अशा भागावर किंवा त्याच्या माहितीपत्रकात आयएसओ 8846 किंवा एसएई जे1171 या मानकाचा उल्लेख सापडतो. विकत घेताना तो शोधा. गाडीचा स्टार्टर आधीच बसवला असेल, तर तो उतरवेपर्यंत त्या बोटीची चावी कोणाच्या हाती देऊ नका.